मोटारीच्या पोटांतला पट्टा

विहिरीच्या रहाटाचा दोर केव्हां बदलावा, हें घरांत कोणालाहि शिकवावें लागत नसे. दोराचा एखादा पेड सुटला, त्याचे तंतु बाहेर डोकावूं लागले, कीं घरांतील वडील मंडळी बाजारांतून नवा दोर आणवीत. जुना दोर रोज डोळ्यांसमोर असे, हाताखालून जात असे, आणि तुटण्यापूर्वीं कांहीं दिवस तरी आपली अवस्था सांगत असे. पुष्कळशा मोटारींच्या इंजिनांतहि असाच एक दोर असतो. तो दोर नसून दांत असलेला रबरी पट्टा असतो, एवढेंच. परंतु रहाटाच्या दोरांत आणि ह्या पट्ट्यांत एक मोठा भेद आहे. हा पट्टा झांकणाआड असतो, मालकाच्या दृष्टीस तो वर्षानुवर्षें पडत नाहीं, आणि तुटण्यापूर्वीं बहुधा तो कांहीं बोलत नाहीं. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो केव्हां बदलावा, आणि बदलवून घेतांना काय काय पाहावें, एवढाच ह्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल पुण्याच्या एका पेठेंतील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. गृहस्थ बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. मोटार अकरा वर्षांची. पण ती त्यांनीं तीन वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका मालकाकडून विकत घेतलेली. वापर अगदीं बेताचा. भाजी बाजार, लग्नकार्य, आणि वर्षांतून एकदां गणपतीला कोंकणांतलें घर. काट्यावर आंकडा अवघा ३८,००० किलोमीटरांचा. गृहस्थ शेजाऱ्यांना अभिमानानें सांगतात, "गाडी अकरा वर्षांची असली तरी चालली आहे कितीशी? नवीच समजा." जुन्या मालकानें दिलेल्या कागदांत एक बिलहि आहे, व त्यावर 'बेल्ट बदलला' असे दोन शब्द आहेत. तेव्हां तीहि काळजी मिटली.

गणपतीच्या आदल्या दिवशीं हें कुटुंब ताम्हिणी घाट उतरत असतां मोटारीचें इंजिन एकाएकीं बंद पडतें. आधीं आवाज नाहीं, धूर नाहीं, धक्का नाहीं. गृहस्थ मोटार कशीबशी कडेला घेतात आणि चावी फिरवितात. स्टार्टर फिरतो, किंबहुना नेहमींपेक्षां जलद आणि हलका फिरतो. म्हणून पुन्हां फिरवितात. दोनदां, चारदां, दहादां. इंजिन कांहीं सुरू होत नाहीं. शेवटीं मोटार ओढून माणगांवच्या एका गॅरेजांत न्यावी लागते. तेथला मेकॅनिक बाजूचें झांकण काढतो आणि आंतून दांत सोलून निघालेला एक काळा पट्टा बाहेर ओढतो.

गृहस्थ म्हणतात, "अहो, पण बिलावर बेल्ट बदलल्याचें स्पष्ट लिहिलें आहे."

मेकॅनिक बिल वाचतो आणि परत देतो. "काका, तो बाहेरचा बेल्ट. फॅनबेल्ट. ह्या आंतल्याला कारखान्यांतून निघाल्यापासून कोणी हात लावलेला दिसत नाहीं."

पुढें इंजिनाचें डोकें उतरवल्यावर झडपा वांकलेल्या आढळतात. जें काम एका दिवसांत आणि बेताच्या खर्चांत झालें असतें, त्याला आतां आठवडा लागणार आणि खर्च कैक पटींनीं वाढणार. गणपति घरांत बसतो तेव्हां कुटुंब एस. टी.नें येऊन पोंचलेलें असतें, आणि मोटार माणगांवीं असते.

ह्या उदाहरणांत गृहस्थांच्या हातून तीन चुका झाल्या. त्यांनीं किलोमीटर मोजले, वर्षें मोजलीं नाहींत. 'बेल्ट' हा शब्द वाचला, कोणता बेल्ट हें विचारलें नाहीं. आणि इंजिन बंद पडल्यावर त्याचें कारण न समजतां तें पुनःपुन्हां फिरविलें. तिन्ही चुका सुशिक्षित माणसांच्या हातून सहज होण्याजोग्या आहेत. आणि पट्टा करतो काय, हें एकदां समजलें म्हणजे तिन्ही टाळतां येतात.

इंजिनाच्या नळकांड्यांत इंधन व हवा यांचें मिश्रण जळतें आणि त्याच्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो, हें बहुतेकांना ठाऊक असतें. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्धीस नेलें; आजचें पेट्रोल इंजिनहि मूलतः त्याच क्रमानें चालतें. पहिल्या टप्प्यांत मिश्रण आंत येतें, दुसऱ्यांत तें दाबलें जातें, तिसऱ्यांत पेटतें, आणि चौथ्यांत जळलेला वायु बाहेर जातो. ह्या चार टप्प्यांत खालचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन वेळां फिरतो. मिश्रण आंत घेणारी झडप आणि वायु बाहेर सोडणारी झडप मात्र तेवढ्या अवधींत प्रत्येकीं एकदांच उघडते. झडपा उघडण्याचें काम वरचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट करतो. म्हणून वरच्या दांड्याला खालच्याच्या बरोबर अर्ध्या गतीनें फिरावें लागतें. खालच्या चाकाला २० दांत असले तर वरच्याला ४० असावयाचे. ह्या दोन चाकांना एका तालांत बांधून ठेवणें, हेंच टायमिंग बेल्टचें काम. भजनांत मृदंग आणि टाळ यांचा ताल चुकला तर भजन बेसूर होतें; येथें ताल चुकला तर लोखंडावर लोखंड आदळतें.

तें कसें, हें थोडें पाहिलें पाहिजे. झडप उघडते तेव्हां ती नळकांड्याच्या आंत उतरते. पुष्कळ इंजिनांत दट्ट्या वर येण्याची आणि झडप खालीं उतरण्याची जागा एकच असते. केवळ वेळ निराळी असते. जोंपर्यंत पट्टा वेळ सांभाळतो तोंपर्यंत दोघांची गांठ पडत नाहीं. पट्टा तुटला कीं वरचा दांडा जागच्या जागीं थांबतो, कांहीं झडपा उघड्याच राहतात, आणि खालचा दांडा मात्र मोटारीच्या वेगानें आणखी कांहीं फेरे घेतो. दट्ट्या वर येतो आणि उघड्या झडपेवर आदळतो. झडप वांकते, कधीं दट्ट्यालाहि इजा होते. कांहीं इंजिनांची रचना अशी असते कीं झडप पूर्ण उघडी असली तरी दट्ट्या तिला पोंचत नाहीं. तेथें पट्टा तुटल्यानें मोटार रस्त्यांत उभी राहते, पण इंजिनाची मोडतोड होत नाहीं. आपलें इंजिन ह्या दोहोंपैकीं कोणत्या जातीचें, हें प्रत्येक मालकानें अधिकृत सेवाकेंद्रांत विचारून ठेवावें. आणि तें कळेपर्यंत तें पहिल्या जातीचें आहे असें धरून चालावें.

आतां ह्या पट्ट्यावर श्रम किती पडतात, त्याचा हिशेब करून पाहावा. वरच्या गिअरमध्यें मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां इंजिनाचे मिनिटाला सुमारें २,००० फेरे होतात असें धरलें, तर किलोमीटरामागें २,००० फेरे झाले. ६०,००० किलोमीटरांत हा आंकडा १२ कोटींवर जातो. पट्ट्याला १०० दांत असतील आणि खालच्या चाकाला २०, तर खालच्या दांड्याच्या दर ५ फेऱ्यांना पट्ट्याची एक प्रदक्षिणा होते. म्हणजे तेवढ्या अंतरांत पट्ट्याच्या २ कोटि ४० लक्ष प्रदक्षिणा झाल्या, आणि प्रत्येक प्रदक्षिणेंत तो प्रत्येक चाकावरून वांकला आणि सरळ झाला. रबर, कांचतंतूंच्या दोऱ्या आणि दांतांवरचें नायलॉनचें कापड एवढ्यांनीं बनलेली वस्तु हें सर्व निमूटपणें सोसते. तेव्हां तिची मुदत संपते हें नवल नसून ती इतकी दीर्घ असते हेंच नवल होय.

ह्या पट्ट्याचा इतिहासहि फार जुना नाहीं. दांतेरी पट्टा प्रथम १९४० च्या दशकांत अमेरिकेंत निघाला, तो शिवणयंत्राच्या दोन दांड्यांचा मेळ राखण्यासाठीं. मोटारीच्या इंजिनांत त्याचा कारखानी उपयोग १९६२ सालीं बव्हेरियांतील ग्लास कंपनीच्या '१००४' ह्या लहान मोटारींत झाला. साखळीपेक्षां तो हलका, आवाज न करणारा, स्वस्त, आणि त्याला तेलाची गरज नाहीं. म्हणून पुढें अनेक कंपन्यांनीं तो उचलला. भारतांत मुंबईच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षें धांवलेल्या प्रीमियर पद्मिनीला, तसेंच ॲम्बॅसिडरला, ह्या कामीं साखळी होती. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मध्यें पट्टा होता. ज्या घरांत पहिली मोटार पद्मिनी होती त्या घरांतील वडिलांना टायमिंग बेल्ट हें नांवहि ठाऊक नसावें, ह्यांत आश्चर्य नाहीं. त्यांच्या मोटारीला तो नव्हताच.

येथेंच आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आजहि सर्वच मोटारींना पट्टा नसतो. २००८ पासून आलेल्या मारुतीच्या के मालिकेंतील इंजिनांत पुन्हां साखळी आली. इतर कंपन्यांच्याहि अनेक इंजिनांत ती आहे. साखळीला ठराविक मुदतीनें बदलण्याचा नियम बहुधा नसतो. परंतु ती तेलावर जगते, आणि वेळेवर तेल न बदलणाऱ्या मालकाच्या मोटारींत ती ताणून खुळखुळूं लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर झडपाच नाहींत, म्हणून हा प्रश्नहि नाहीं. तेव्हां पहिलें पाऊल हें कीं मालकाच्या पुस्तिकेंत पाहून किंवा सेवाकेंद्रांत विचारून आपल्या इंजिनांत पट्टा आहे कीं साखळी, ह्याची खात्री करून घ्यावी. मोटारीच्या नांवावरून अनुमान करूं नये; एकाच नांवाच्या मोटारींत पेट्रोलच्या इंजिनाला एक आणि डिझेलच्या इंजिनाला दुसरें, असेंहि असतें.

पट्टा असेल तर तो केव्हां बदलावा? ह्याचें उत्तर पुस्तिकेंतच असतें, आणि तें बहुधा दोन आंकड्यांत असतें. एक आंकडा किलोमीटरांचा आणि दुसरा वर्षांचा. दोहोंपैकीं जो आधीं पुरा होईल तो खरा. जुन्या इंजिनांत किलोमीटरांचा आंकडा ६०,००० च्या आसपास असे. पुढें पट्ट्यांसाठीं अधिक टिकाऊ रबर वापरांत आल्यावर तो पुष्कळ ठिकाणीं १,००,००० किंवा त्याहूनहि वर गेला. वर्षांची मर्यादाहि इंजिनागणिक निराळी असते. म्हणून शेजाऱ्याच्या मोटारीचा आंकडा आपल्या मोटारीला लावूं नये. पुस्तिकेंत 'कठीण परिस्थितींतील वापर' असें निराळें सदर असेल तर तें अवश्य वाचावें. धूळ, कडक उन्हाळा, आणि थांबत थांबत होणारी शहरांतली वाहतूक हीं तिन्ही त्यांत मोडतात; आणि आपल्या शहरांतील मोटारींच्या वांट्याला हीं तिन्ही येतात.

शहरांतल्या वाहतुकीविषयीं एक हिशेब पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोटार उभी असतांना किलोमीटरांचा कांटा थांबतो, पण पट्टा थांबत नाहीं. उभ्या मोटारीचें इंजिन मिनिटाला ८०० फेरे करीत असेल, तर तासाभरांत ४८,००० फेरे झाले. म्हणजे वरच्या हिशेबानें सुमारें २४ किलोमीटरांइतके. जो मनुष्य कचेरीच्या वाटेवर रोज एकूण एक तास इंजिन चालूं ठेवून दिव्यापाशीं उभा राहतो, त्याच्या पट्ट्याच्या खातीं ३०० दिवसांत ७,२०० किलोमीटरांइतके फेरे असे जमा होतात, कीं जे कांट्यावर कधींच उमटत नाहींत. मोकळ्या मोटारमार्गावर चालणाऱ्या आणि गर्दींत चालणाऱ्या मोटारींच्या कांट्यांवर एकच आंकडा असला तरी दोन्ही पट्ट्यांचें वय एक नसतें.

आणि जी मोटार फारशी चालतच नाहीं तिचें काय? पुण्याच्या उदाहरणांतील चूक हीच होती. रबर हें केवळ झिजत नाहीं, तें म्हातारेंहि होतें. उष्णता आणि हवेंतील प्राणवायु यांच्या योगानें तें हळूहळू कडक होतें. मग वांकतांना त्याला सूक्ष्म भेगा पडतात, किंवा दांत मुळांपाशीं सैल होतात. कापडी आच्छादनाखालीं अंगणांत उभी असलेली मोटारहि ह्या वार्धक्यांतून सुटत नाहीं. कमी चाललेल्या मोटारीच्या मालकानें म्हणून कांट्याकडे न पाहतां कॅलेंडराकडे पाहावें.

कांहीं मोटारींत पट्ट्याची मुदत झाल्याचें सांगणारा दिवा असतो. २००५ पासून भारतांत विकल्या गेलेल्या अडीच लिटर डिझेल इंजिनाच्या इनोव्हांत असा दिवा होता. ही सोय चांगली. परंतु असा दिवा पट्ट्याची प्रकृति तपासून पेटत नसतो. तो केवळ किलोमीटर मोजतो. पट्टा सात वर्षांचा झाला कीं बारा वर्षांचा, हें त्याला कळत नाहीं. आणि पट्टा न बदलतां कोणी दिवा पुन्हां शून्यावर आणून ठेवला, तर तेंहि त्याला कळत नाहीं.

मग पट्टा स्वतः कांहींच खूण देत नाहीं काय? कधीं कधीं देतो. झांकणाचा वरचा भाग उघडून पाहिलें असतां भेगा, चकाकी, कडेचे सुटलेले धागे, किंवा तेलाचा ओलावा दिसला, तर मुदतीची वाट न पाहतां तो बदलावा. तेल हें सामान्य पट्ट्याचें मोठें शत्रु. दांड्याच्या टोंकाशीं असलेल्या सीलमधून तें झिरपलें तर रबर फुगतें आणि मऊ पडतें. परंतु भेगा दिसल्या नाहींत म्हणून पट्टा निरोगी आहे, हा निष्कर्ष मात्र काढूं नये. आधुनिक पट्टे वरून निर्दोष दिसत असतांनाहि आंतल्या दोऱ्या थकून तुटूं शकतात. इंजिन सुरू करतांना जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो बहुधा बाहेरच्या पट्ट्याचा असतो. आंतला पट्टा असा ओरडत नाहीं. जी वस्तु दिसत नाहीं आणि बोलत नाहीं, तिच्या बाबतींत लक्षणांची वाट पाहणें हा मार्गच चुकीचा आहे. तेथें तारखेनें चालावें.

आतां बदलण्याच्या क्रियेविषयीं. हें काम अंगणांत हौसेनें करण्याचें नव्हे. एका दांताची चूक पुरेशी होते. वर सांगितलेल्या चाकांचाच हिशेब घेतला तर एक दांत चुकणें म्हणजे खालच्या दांड्याच्या मापानें १८ अंशांची चूक. परंतु काम दुसऱ्याच्या हातून करवून घेणाऱ्यालाहि त्याचा क्रम ठाऊक असला म्हणजे योग्य प्रश्न विचारतां येतात.

प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊं देतात आणि बॅटरीची तार सोडवितात. बाहेरचे पट्टे काढतात. पुष्कळ मोटारींत इंजिनाचा एक आधार ह्याच बाजूला असतो. तो सोडण्यापूर्वीं इंजिनाखालीं जॅक आणि लांकडाचा तुकडा देऊन त्याचें वजन तोलून धरतात. मग इंजिन हातानें, पान्यानें, त्याच्या नेहमींच्या दिशेनेंच फिरवून पहिल्या नळकांड्याचा दट्ट्या ठरल्या जागीं आणतात, आणि खालच्या व वरच्या चाकांवरील खुणा इंजिनावरच्या खुणांशीं जुळवितात. ज्या डिझेल इंजिनांत हाच पट्टा इंधनाच्या पंपालाहि फिरवितो, तेथें पंपाच्या चाकाचीहि खूण पाहावी लागते. कांहीं इंजिनांत नुसत्या खुणा पुरत नाहींत. दांडे जागेवर अडकवून ठेवण्यासाठीं खास खिळ्या लागतात. त्या ज्या गॅरेजांत नसतील तेथें तें काम देऊं नये.

खुणा जुळल्यावर ताण देणारी कप्पी, म्हणजे टेन्शनर, सैल करून जुना पट्टा काढतात. ह्यापुढें नवा पट्टा चढेपर्यंत कोणताहि दांडा फिरतां कामा नये. ह्याच वेळीं सीलमधून तेल गळत असेल तर तीं बदलतात. नवा पट्टा दुमडूं नये, पिळूं नये, त्याला तेल किंवा ग्रीस लावूं नये. त्यावर दिशेचा बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेशीं जुळवावा. पट्टा चढवितांना सैलपणा राहील तो केवळ टेन्शनरच्या बाजूलाच राहावा. मग पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें ताण द्यावा, अंदाजानें नव्हे. सैल पट्टा दांत चुकवितो, आणि अति ताणलेला पट्टा कप्प्यांचीं व पंपाचीं बेअरिंगें खातो.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. स्टार्टर लावण्यापूर्वीं इंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावें आणि खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं तें पाहावें. खालच्या दांड्याचे दोन फेरे म्हणजे वरच्याचा एक. म्हणून दोन फेऱ्यांनीं सर्व खुणा परत जागेवर येतात. फिरवितांना कोठेंहि अडल्यासारखें झालें तर जोर न करतां थांबावें. हातानें फिरवितांना झालेली चूक सुधारतां येते. स्टार्टरनें फिरवितांना झालेली चूक झडपा वांकवूनच थांबते.

मालकानें काम सोंपवितांना विचारावयाच्या गोष्टी चार आहेत. पहिली, पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि इतर कप्प्या नव्या बसविणार कीं नाहीं? जुन्या कप्पीचें बेअरिंग अडकलें तर नवा पट्टाहि दुसऱ्या दिवशीं तुटूं शकतो. दुसरी, ह्याच पट्ट्यावर वॉटर पंप चालतो काय? चालत असेल तर तो आतांच बदलावा. पंपाची किंमत थोडी असते; त्याच्यापर्यंत पोंचण्याची मजुरी जास्त असते, आणि ती मजुरी पट्ट्यासाठीं दिलेलीच असते. तिसरी, सुटे भाग मूळ कंपनीचे किंवा नांवाजलेल्या उत्पादकाचे आहेत ना? ते बंद वेष्टणांत पाहावे आणि जुना पट्टा परत मागून घ्यावा. चौथी, बिलावर काय लिहिणार? 'बेल्ट बदलला' हे दोन शब्द पुरे नाहींत. 'टायमिंग बेल्ट, टेन्शनर, कप्प्या व वॉटर पंप बदलले', त्यापुढें तारीख आणि कांट्यावरचा आंकडा, असें स्पष्ट लिहवून घ्यावें. तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आंतल्या बाजूला चिकटवावा. मोटार पुढें मुलाच्या हातांत जावो कीं परक्याच्या, ती चिठ्ठी त्याला उपयोगी पडेल.

जुनी मोटार घेणाऱ्यासाठीं नियम सोपा आहे. पट्टा बदलल्याचा असा निःसंदिग्ध पुरावा नसेल तर तो बदललेला नाहीं असें समजावें, आणि त्याचा खर्च मोटारीच्या किंमतींत धरूनच सौदा करावा.

अलीकडे कांहीं इंजिनांत पट्टा इंजिनाच्या तेलांतच चालतो. हा पट्टा तेल सोसणाऱ्या निराळ्या रबराचा असतो. त्याच्या बाबतींत तेलाची जात आणि तेल बदलण्याची तारीख ह्या दोन गोष्टी प्राणासमान आहेत. भलतेंच तेल घातलें, किंवा तेलांत पेट्रोल मिसळत गेलें, तर हा पट्टा कुजूं लागतो; त्याचे कण सुटून तेल शोषणाऱ्या जाळींत अडकतात आणि सबंध इंजिनाचा तेलपुरवठा तुटूं शकतो. अशा मोटारीच्या मालकानें पुस्तिकेंत लिहिलेलेंच तेल घालावें आणि पट्ट्याच्या मुदतींत पुढें कंपनीनें कांहीं बदल केला आहे काय, हें अधूनमधून सेवाकेंद्रांत विचारीत जावें.

इतकें करूनहि कधीं वाटेंत इंजिन एकदम बंद पडलें, तर काय करावें? प्रथम मोटार सांभाळावी, इंजिन नंतर. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारें साह्य एकदोन वेळां दाबण्यापुरतेंच उरतें, आणि कांहीं मोटारींत स्टिअरिंगहि जड होतें. म्हणून ब्रेक वारंवार सोडून न दाबतां एकाच स्थिर दाबानें मोटार कडेला घ्यावी. चावी पूर्ण काढूं नये, कारण त्यानें स्टिअरिंगला कुलूप बसूं शकतें. धोक्याचे दिवे लावावे आणि मुलांमाणसांना रस्त्यापासून दूर उभें करावें. मग चावी एकदांच फिरवून आवाज ऐकावा. स्टार्टर नेहमींच्या ठोक्यांशिवाय, कांहीं ओझेंच नसल्यासारखा सरसर फिरला, तर पट्टा गेला असें समजावें आणि चावीला पुन्हां हात लावूं नये. प्रत्येक फेऱ्याबरोबर दट्ट्या पुन्हां झडपांवर आदळत असतो. मोटार ओढूनच न्यावी. गॅरेजांतहि नवा पट्टा चढवून लगेच इंजिन सुरू करून पाहण्याची घाई करूं देऊं नये. आधीं झडपा शाबूत आहेत काय तें तपासून घ्यावें.

माणगांवच्या गॅरेजांतून मोटार परत आल्यावर पुण्याच्या त्या गृहस्थांनीं दोन गोष्टी केल्या, असें समजावें. बॉनेटच्या आंत एक चिठ्ठी चिकटविली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशीं ठेवलेल्या वहींत, विम्याच्या हप्त्याखालीं, पुढच्या पट्ट्याचें वर्ष लिहून ठेविलें. तें वर्ष येईल तेव्हां पट्टा बहुधा चांगलाच दिसेल. घरांत कोणी तरी म्हणेल, "अहो, चांगला तर आहे, उगाच कशाला बदलतां?" त्यावर उत्तर एकच आहे. रहाटाचा दोर तुटण्याआधीं सांगत असे, म्हणून त्याच्या सांगण्याची वाट पाहतां येई. हा सांगत नाहीं, म्हणून तो चांगला दिसत असतांनाच बदलावयाचा असतो.